रादर नाइस

टॉवेल हातात आला की अण्णा तो आधी टेबलावर पसरायचे. मग उजवा हात पालथा करून त्याच्यावरून एकदा फिरवायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचे, "रादर नाइस, हं." एवढं बोललं तरी फार बोलून बसल्यासारखे लगेच चष्मा पुसायला घ्यायचे.

सोलापुरात टॉवेलाचं कौतुक करणाऱ्यांची वानवा नाही. तुम्ही कुठल्याही दुकानात शिरा. "एक नंबर माल हाय ताई, टॉवेल फाटंल पण रंग जायचा न्हाय," असं म्हणत माणूस गठ्ठाच तुमच्यापुढे टाकेल. अशा गावात राहून, त्याच धंद्यात केस पिकवून, अण्णा मात्र प्रत्येक कौतुकात पाणी घालायचे. जेवण झालं की "फेअरली टेस्टी." मालकांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला "क्वाइट स्पेशियस." कुणाचं बाळ बघायला गेलो तर पाळण्यात वाकून, "रादर प्लेझंट फेलो." बाळाची आजी माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "आवडलं त्यांना." ही दुभाषेगिरी मला पगाराशिवाय करावी लागे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला आमचा टॉवेलचा कारखाना. परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार अण्णांकडे आणि नमुने माझ्याकडे. मागावरून नवा माल उतरला की त्याचा एक टॉवेल मी अण्णांपुढे ठेवायचा, त्यांनी हात फिरवायचा, आणि मग तो पार्सलात जायचा किंवा परत मागाकडे. मी लागले तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला "ये तंगी" अशी हाक मारली आणि मी घाबरले. पगाराच्या आधीच तंगी म्हणजे काय! मग कळलं की अण्णा दुधनीचे, घरात कानडी, आणि कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. तेव्हापासून मी तंगी ती तंगीच राहिले.

त्यांची प्रतवारी मी महिन्याभरात शिकले. 'फेअरली गुड' म्हणजे माल वाईट नाही, पण बाहेर पाठवू नका, इथल्याच दुकानात द्या. 'क्वाइट गुड' म्हणजे बिनधास्त पाठवा. आणि 'रादर नाइस' म्हणजे याच्यापुढे काही नाही, देवाला वाहावा असा टॉवेल. हे ज्याला ठाऊक नाही तो दुखवला जायचा. आमचा जॉबर, म्हणजे मागांची जोडणी करणारा कारागीर, एकदा चार दिवस खपून नवी किनार बसवून घेऊन आला. अण्णांनी हात फिरवला, "क्वाइट गुड" म्हणाले. त्याने बाहेर येऊन मला विचारलं, "क्वाइट म्हंजे काय हो ताई?" मी भाबडेपणाने म्हटलं, "बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी?" तो कडाडला. "माझं घर इसरलो मी त्या मागापायी, आन् बऱ्यापैकी?" दोन दिवस तो अण्णांशी बोलला नाही. पुढच्या पार्सलात तीच किनार सगळ्यात वर बांधलेली दिसली तेव्हा कुठे गडी हसला.

एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, चांगलं आहे तर सरळ चांगलं म्हणायला काय होतं हो तुम्हाला?"

तेव्हा त्यांनी दोन गिऱ्हाइकांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून नीट सांगते.

अण्णा नवे असताना परदेशातून एक उंच, गोरापान माणूस माल बघायला आला. जे दाखवाल त्याला "वंडरफुल!" माग बघून वंडरफुल, शेंगाची चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढत वंडरफुल, शिपायाच्या पाठीवर थाप मारून वंडरफुल. मालकांनी हरखून त्याच्या पसंतीच्या रंगाचं सूत भरून ठेवलं, माग मोकळे ठेवले. तो जो गेला तो गेला. ऑर्डर नाही, पत्राला उत्तर नाही. ते जांभळट सूत कितीतरी वर्षं गोदामात पडून होतं, मी स्वतः पाहिलंय. त्याच वर्षी दुसरा एक आला. बुटका, आजारी दिसणारा, बिनसाखरेचा चहा पिणारा. त्याने टॉवेलावरून पालथा हात फिरवला, "रादर नाइस" असं पुटपुटला आणि निघून गेला. सगळ्यांना वाटलं, गेलं हेही गिऱ्हाईक. पण त्याची ऑर्डर आली, आणि मग दरवर्षी येत राहिली.

"तवा एक कळलं तंगी," अण्णा म्हणाले. "जो वंडरफुल म्हणतो ना, त्याला हितनं लवकर सुटायचं असतंय. ज्याला परत यायचं हाय, तो जपून बोलतोय."

एका बुटक्या माणसाची चाल आणि बोलणं अण्णांनी असं उचललं आणि जन्मभर सांभाळलं. तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. पण आमच्या कारखान्याची परदेशी गिऱ्हाइकं टिकली ती टिकलीच, हेही खरं.

मालकांचा मुलगा शिकून आला आणि पत्रांची भाषा बदलली. त्याने अण्णांना सांगितलं, "आता 'वी आर रादर प्लीज्ड' कुणी लिहीत नाही, काका. 'वी आर थ्रिल्ड' लिहा." अण्णा माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजले, "थ्रिल्ड? टावेल विकतोय की गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलोय?" त्यांनी 'क्वाइट थ्रिल्ड' लिहिलं. तडजोडीत त्यांचा हात कुणी धरला नसता.

या माणसाबरोबर संसार कसा होत असेल, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडायचा. वहिनी मंगळवेढ्याच्या. तोंडाने मोकळ्या, हाताने त्याहून मोकळ्या. मी सात रस्ता चौकाजवळच राहायचे, अण्णांचं घरही तिथून मागच्याच गल्लीत. कंपनीची गाडी चुकली की त्यांच्याकडे चहा ठरलेला. वहिनींची ज्वारीची भाकरी म्हणजे पापुद्रा असा सुटायचा की फुंकर मारली तर उडेल. अण्णा ती खाऊन म्हणायचे, "रादर नाइस." मी एकदा वैतागून म्हटलं, "वहिनी, तुम्हाला राग नाही येत?"

"राग कशाचा बाई? लग्नानंतर येक वरीस लई रडले मी," त्या परातीतलं पीठ मळत म्हणाल्या. "मग ध्यानात आलं. 'फेअरली' म्हनले तर मीठ इसरलंय. 'क्वाइट' म्हनले तर आनखी येक भाकरी टाकायची. आन् 'रादर' म्हनले की त्यांच्याकडं बघायचं न्हाय. बघितलं की लाजत्यात." आतून चष्मा पुसल्याचा आवाज येत नसतो, पण मला तो आला.

वहिनी गेल्या आणि हे सगळं समजणारं घरात कुणी उरलं नाही.

अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते, तरी मालकांनी त्यांची खुर्ची ठेवली होती. सकाळी गाडीत माझ्या शेजारी बसून यायचे, नमुन्यांवर हात फिरवायचे, डबा उघडायचे. डब्यात खानावळीची पोळी. तिला ते काहीच म्हणत नसत, फेअरलीसुद्धा नाही. मला ती शांतता सहन व्हायची नाही. मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या झाकणात टाकायचे आणि त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघायचे. "क्वाइट गुड," ते म्हणायचे. मला रादर कधी मिळालं नाही. स्वयंपाकात मी वहिनींच्या पासंगालाही पुरत नव्हते, ते बरोबरच होतं.

मग उन्हाळ्यात एके दिवशी ते गाडीला आले नाहीत. न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते. दूधवाल्याने बेल वाजवली, उत्तर नाही म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं, तोवर ते तसेच ओल्या फरशीवर. हाड मोडलं नव्हतं, पण आता एकटं राहण्यात अर्थ नाही हे सगळ्यांनाच दिसलं. त्यांची एकुलती एक मुलगी, गिरिजा, बंगळूरला असते. ती धावत आली आणि त्यांना घेऊन गेली. मी म्हटलं, सुटले बिचारे.

पंधरवड्यात अण्णा परत. गाडीत माझ्या शेजारी, मांडीवर डबा.

"काय हो? करमलं नाही?"

"न्हाई न्हाई. घर रादर नाइस हाय." त्यांनी रादरवर असा जोर दिला की मी वळून बघितलं. "गॅलरीत झाडं हायत. नात माझ्याशी कानडी बोलती. लई... रादर नाइस."

"मग परत कशाला आलात?"

"गिरिजानं इचारलं, बाबा, घर आवडलं का, हितंच ऱ्हाता का? मी म्हनलं, घर रादर नाइस हाय."

"आणि?"

"आनि काय. तिनं परत इचारलंच न्हाय." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "येकदा इचारल्यावर लगेच हो म्हनतात का, तंगी? आपल्यात बरं दिसतंय का ते?"

ते मला पटलं, कारण आपल्याकडे असंच असतं. पाहुण्याने पहिली भाकरी नको म्हणायची आणि वाढणाऱ्याने ती ताटात टाकायची. नको म्हटल्यावर जो खरंच थांबतो, त्याच्या घरून माणूस उपाशी उठतो. अण्णा मुलीच्या घरून तसे उठून आले होते. त्यांनी त्यांच्याजवळचा सगळ्यात मोठा शब्द वापरला होता आणि दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत बॅग भरली होती.

मी दुपारी कारखान्याच्या मागच्या लिंबाखाली जाऊन गिरिजाला फोन लावला.

"अगं, तुझ्या बाबांना तुझ्याकडे राहायचंय."

"मावशी, मी विचारलं त्यांना. 'रादर नाइस' म्हणाले." ती तो शब्द आंबट ताकासारखा बोलली. "म्हणजे ठीकठाक. मी काय जबरदस्ती करू?"

"त्यांच्या तोंडी तो शब्द म्हणजे..." मी टॉवेलची सगळी प्रतवारी सांगायला लागले. तिने मध्येच थांबवलं.

"ते तुम्हाला कारखान्यात कळलं, मावशी. मला आई सांगायची. दहावीत शाळेत पहिली आले तर काय म्हणाले, माहितीय? 'फेअरली सॅटिसफॅक्टरी.' लग्नात मांडवात मला बघितलं आणि म्हणाले, 'क्वाइट प्रेझेंटेबल.' आई कानात म्हणाली, अगं, डोळे भरलेत त्यांचे, म्हणून तसं बोलले. आई गेली, आता कोण सांगणार मला कानात?" मग म्हणाली, "मी रविवारी येते न्यायला. खरंच येते. पण एकदा, एकदाच, तोंड भरून बोला म्हणावं त्यांना. मला ऐकायचंय."

तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. आजही वाटत नाही. उभा जन्म बापाकडून मोजूनमापून कौतुक मिळालेलं पोर होतं ते.

मी अण्णांना तिचा निरोप सांगितला. त्यांनी चष्मा पुसून घेतला. मग म्हणाले, "तोंड भरून म्हंजे?"

"म्हणजे वंडरफुल म्हणा की एकदा! काय बिघडतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना खोटी सही करायला सांगितली होती. पण दुसऱ्या दिवशी चहा घेऊन पोरगं आलं तेव्हा त्यांनी घोट घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "वं... वंडरफुल." पोरगं दचकून विचारतं, "अण्णा, साखर जास्ती झाली का?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. अण्णाही हसले. त्या आठवड्यात ते भाजीला, उन्हाला, मालकांच्या मुलाच्या नव्या मोटारीला वंडरफुल म्हणत सुटले. सराव चालला होता. शब्द मात्र त्यांच्या तोंडात बसत नव्हता, उसन्या कवळीसारखा मध्येच सुटायचा.

गिरिजा रविवारी आली. गल्लीतली माणसं निरोपाला जमली. बॅगा मोटारीत गेल्या, वहिनींचा फोटो चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर गेला. दाराला कुलूप घालण्याआधी गिरिजा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने दुसऱ्यांदा विचारलं. सगळ्यांसमोर, अगदी लहान मुलीच्या आवाजात.

"बाबा, येताय ना माझ्या घरी? आवडलंय ना घर?"

अण्णांनी पायातल्या चपलांकडे बघितलं. मग मान वर करून मोठ्याने, स्पष्ट म्हणाले, "गिरिजा, युवर हाउस इज वंडरफुल."

ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. शेजारणींनी डोळ्यांना पदर लावला. मीही रडले, पण मध्येच कुठूनतरी ते गोदामातलं जांभळट सूत डोळ्यांपुढे आलं आणि माझं रडू थांबलं. मी स्वतःवरच चिडले. एवढ्या चांगल्या क्षणी हे काय आठवायचं!

मोटार निघताना त्यांनी काच खाली केली. मी कडक भाकऱ्या आणि चटणी बांधून दिली होती, ती पिशवी मांडीवर घेऊन ते बसले होते. पिशवीवरून त्यांनी पालथा हात फिरवला. काही म्हणाले नाहीत.

आता गिरिजाचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. खूश आहे. "मावशी, तुम्ही जादू केलीत. बाबा किती बदललेत! सगळ्याला वंडरफुल म्हणतात. नातीच्या चित्राला, माझ्या सांबाराला, सगळ्याला. फेअरली नाही, क्वाइट नाही, काही नाही." मी म्हणते, "वा, छान झालं." मग ती फोन त्यांच्याकडे देते.

"काय अण्णा, तब्येत?"

"वंडरफुल."

"हवा?"

"हवा वंडरफुल."

"भाकरी मिळते का हो तिकडे ज्वारीची?"

"सगळं वंडरफुल हाय, तंगी."

ते खरंच सुखी असतील. का नसावेत? झाडांची गॅलरी, कानडी बोलणारी नात, मुलगी जवळ. मुलीला जे हवं होतं ते तिला भरभरून मिळतंय, आणि त्यासाठी त्यांनी आयुष्यभराची सवय मोडली असेल, तर त्याहून मोठी माया कुठली? असं मी स्वतःला सांगते. पण पूर्वी त्यांच्या एका शब्दावरून मला भाजीतलं मीठसुद्धा कळायचं. आता इतके मोठे शब्द ऐकू येतात आणि त्यातून मला काहीच कळत नाही. ज्याला लवकर सुटायचं असतं तो वंडरफुल म्हणतो, हे त्यांनीच मला शिकवलं. ते शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी असते. डबा मी एकटी खाते. नमुन्यांवर आता मीच हात फिरवते, पालथा, आणि माझ्याही तोंडून तेच निघतं. नवी पोरं एकमेकांकडे बघतात. त्यांना अर्थ सांगायला मध्ये कुणी नाही, आणि मला सांगायचा कंटाळा येतो.

परवा फोन आला तेव्हा मी मागांजवळच होते. आवाज त्यांना ऐकू गेला असावा.

"माग चालू हायत?" त्यांनी विचारलं.

"चालू आहेत की. नवा नमुना आत्ताच उतरलाय."

"हात लावलास?"

"लावते." मी फोन खांद्याला धरला आणि टॉवेलावरून हात फिरवला. अजून गरम होता.

"काय म्हनतोय?"

"रादर नाइस, अण्णा."

पलीकडून गिरिजाच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने, त्यांच्या जुन्या आवाजात, अगदी हळू ते म्हणाले, "फोन जरा ठेवू नको, तंगी."

मी ठेवला नाही. फोन मागाच्या दिशेने धरून मी तशीच उभी राहिले.